स्पीड कॅमेऱ्याची नोटीस आणि मौनाचा अधिकार: गाडी कोण चालवत होतं हे सांगावंच लागतं का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला जे कळलं ते आधी मांडतो, काही चुकलं असेल तर सांगा. तुम्ही इंग्लंडमधे राहता, गाडी तुमच्या नावावर आहे, इथली ड्रायव्हिंग टेस्ट पास होऊन १४ महिने झालेत. ताशी ३० मैल लिमिटच्या रस्त्यावर कॅमेऱ्याने तुमची गाडी ३९ ला पकडली, पोलिसांचं पाकीट आलं, आत एक नोटीस आणि एक फॉर्म, की त्या वेळी गाडी कोण चालवत होतं ते २८ दिवसांत सही करून कळवा. त्या शनिवारी तुम्ही, तुमची बायको आणि भारतातून आलेला मेहुणा, तिघांनीही आळीपाळीने गाडी चालवली. आता ऑफिसमधला एकजण म्हणतोय उत्तरच देऊ नको, स्वतःविरुद्ध बोलायला लावणं हे मानवी हक्कांच्या विरुद्ध आहे, युरोपच्या कोर्टात हे कधीच सिद्ध झालंय. दुसरा म्हणतोय मेहुण्याचं नाव टाक आणि मोकळा हो, तो तर परत गेलाय, त्याचं कोण काय वाकडं करणार.

मी इथेच सॉलिसिटर, म्हणजे वकील, आहे, गेली वीसेक वर्षं मोटारिंगच्या केसेस करतोय, आणि असे दोन सल्लागार जवळजवळ प्रत्येक क्लायंटच्या ऑफिसात असतातच. पहिल्याचं निम्मं बरोबर आहे आणि तेच अवघड आहे, कारण निम्मं बरोबर असलेलं माणसाला पटकन पटतं. दुसऱ्याचं ऐकलंत तर तुमचा आजचा प्रश्न किरकोळ वाटायला लागेल, ते खाली सांगतो.

'मला गप्प राहायचा अधिकार आहे का', असं तुम्ही विचारलंय. पण तुमच्यापुढचा खरा प्रश्न थोडा वेगळा आहे: गप्प राहिल्याबद्दल कायदा वेगळी शिक्षा ठेवू शकतो का? कारण पोलीस तुम्हाला खुर्चीला बांधून बोलायला लावत नाहीयेत. रोड ट्रॅफिक ॲक्ट १९८८ चं कलम १७२ एवढंच म्हणतं की गाडी ज्याच्या ताब्यात असते त्याने ड्रायव्हर कोण होता ते सांगायचं, आणि नाही सांगितलं तर तो स्वतंत्र गुन्हा. त्याचे लायसन्सवर चढणारे ६ पेनल्टी पॉइंट्स आणि १००० पौंडांपर्यंत दंड. ३० मधे ३९ चा मूळ गुन्हा फिक्स्ड पेनल्टीने मिटला तर ३ पॉइंट्स आणि १०० पौंड, आणि तुमचा स्पीड ज्या पट्ट्यात आहे त्यात बहुतेक वेळा पोलीस स्पीड अवेअरनेस कोर्सच देऊ करतात, मागच्या तीन वर्षांत केलेला नसेल तर. कोर्स केला की पॉइंट शून्य. म्हणजे बोललात तर शून्य किंवा तीन, गप्प बसलात तर सहा. हे ६ पॉइंट्स आधी ३ होते बरं का, लोक मुद्दाम गप्प बसून फायदा काढायला लागले म्हणून २००७ मधे ते दुप्पट केले.

आणि तुमच्या बाबतीत हा सहाचा आकडा जास्तच वाईट आहे. इथे टेस्ट पास झाल्यापासून पहिल्या दोन वर्षांतल्या गुन्ह्यांमुळे ६ पॉइंट्स झाले की लायसन्स रद्द होतं, परत प्रोव्हिजनल (शिकाऊ लायसन्स), परत थिअरी, परत प्रॅक्टिकल. भारतात वीस वर्षं गाडी चालवली असली तरी इथल्या कायद्याच्या लेखी तुम्ही नवे ड्रायव्हर. आणि लायसन्स रद्द करायला कोर्टाचीसुद्धा गरज नसते, पॉइंट्स चढले की लायसन्स ऑफिसच पत्र पाठवतं, त्यामुळे मॅजिस्ट्रेटपुढे 'साहेब नोकरी जाईल' म्हणायची सोयच नाही. ऑफिसातल्या मित्राला बहुतेक हे माहीत नसावं, त्याचं लायसन्स जुनं असणार.

आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, आणि त्या तुम्ही लिहिलेल्या नाहीत म्हणून मला जर-तर करावं लागणार. पहिली म्हणजे तारीख. स्पीडिंगसाठी पहिली नोटीस रजिस्टर्ड कीपरकडे (नोंदणीत गाडी ज्याच्या नावावर आहे त्याच्याकडे) गुन्ह्यापासून १४ दिवसांत पोचायला लागते, नाही पोचली तर स्पीडिंगची शिक्षा सहसा होऊ शकत नाही (त्याच वेळी अपघात झाला असेल तर गोष्ट वेगळी). पण ही मुदत फक्त पहिल्या नोटिशीला आहे. गाडी लीजवर असेल आणि पहिलं पाकीट लीज कंपनीकडे वेळेत गेलं असेल, तर तुमच्याकडे महिन्याने आलेलं पाकीटही चालतं. आणि इथेच लोक फसतात: नोटीस खरोखर उशिरा आली असली तरी कलम १७२ चं उत्तर द्यावंच लागतं. उशीर हा स्पीडिंगचा बचाव आहे, गप्प राहायचा परवाना नाही. फॉर्म भरायचा, आणि उशिराचा मुद्दा वेगळ्या पत्रात घ्यायचा.

दुसरी गोष्ट म्हणजे खरंच कोण चालवत होतं. त्याकडे येतोच, आधी मानवी हक्कांचं बघू, कारण तुम्ही मुख्य विचारलंय ते तेच.

हा कायदा मुळात का आहे ते लक्षात घ्या. रस्त्याकडेचे ते पिवळे जुने कॅमेरे गाडीचा फोटो मागून काढतात. नंबर दिसतो, ड्रायव्हरचं डोकं फार तर दिसतं, तेही नशीब असेल तर. म्हणजे यंत्राला कळतं गाडी कुठली, पण गुन्हा गाडी करत नाही, माणूस करतो. हे मधलं अंतर भरायचे जगात साधारण दोन रस्ते आहेत. एक, मालकाला सांगायचं की दंड तूच भर, चालवणारा कोणी का असेना. नेदरलँड्समधे बऱ्याच किरकोळ गुन्ह्यांना असंच आहे, आणि २००४ मधे फाल्क नावाच्या केसमधे स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क कोर्टाने ते चालवून घेतलं, कारण गाडी चोरीला गेली होती वगैरे दाखवून सुटायची वाट मालकाला होती. दुसरा रस्ता, मालकाला विचारायचं की कोण होतं सांग. ब्रिटन आणि ऑस्ट्रिया या वाटेने गेले. जर्मनीत तर पोलिसांनीच ड्रायव्हर शोधायचा असतो, नाही सापडला तर मालकाला पुढे काही काळ प्रत्येक ट्रिपची नोंदवही ठेवायला लावू शकतात. भारतातल्या मोटर वाहन कायद्यातही कलम १३३ आहे, मालकाने ड्रायव्हरची माहिती पोलिसांना द्यायची, आणि गंमत म्हणजे तो कायदाही १९८८ चाच. पण तुमची नोटीस इथली आहे, तर इथलंच बोलू.

तुमच्या मित्राचं निम्मं बरोबर आहे म्हटलं ते असं. युरोपियन कन्व्हेन्शनचं, म्हणजे युरोपच्या मानवी हक्क कराराचं, कलम ६ म्हणजे निष्पक्ष सुनावणीचा हक्क. तो वाहतुकीच्या छोट्या दंडालाही लागू होतो का, यावर जर्मनीतल्या एका तुर्की माणसाची केस आहे, ओझतुर्क, १९८४. पार्क केलेल्या गाडीला धडक, ६० मार्कांचा दंड, आणि नंतर कोर्टातल्या दुभाष्याचा खर्च त्याच्या माथी मारला, जो दंडापेक्षाही थोडा जास्त निघाला. जर्मन सरकार म्हणालं हा गुन्हा नव्हेच, ही तर साधी प्रशासकीय बाब. कोर्ट म्हणालं तुम्ही लेबल काहीही लावा, दंड शिक्षेसारखा आहे, नियम सगळ्यांना लागू आहे, म्हणजे आमच्या लेखी हा फौजदारी आरोपच, आणि दुभाष्या फुकटच द्यायचा. इथे आपल्यातल्या ज्यांच्या आईवडिलांना कोर्टात इंग्रजीची भीती वाटते त्यांनी हे लक्षात ठेवावं, फौजदारी कोर्टात दुभाष्या मागायला लाजायचं काही कारण नाही.

तर हक्क लागू होतात. पण मौनाचा अधिकार कलम ६ मधे शब्दात लिहिलेलाच नाहीये. भारताच्या राज्यघटनेत कलम २०(३) मधे स्पष्ट लिहिलंय की आरोपीला स्वतःविरुद्ध साक्षीदार व्हायला भाग पाडता येणार नाही. कन्व्हेन्शनमधे तसं वाक्य नाही, कोर्टाने ते 'निष्पक्ष सुनावणी' या शब्दांतून काढलं, १९९३ च्या फुन्के आणि १९९६ च्या साँडर्स या केसेसमधे. साँडर्समधे कंपनीच्या चौकशीत सक्तीने घेतलेली उत्तरं नंतर फौजदारी खटल्यात त्याच माणसाविरुद्ध वापरली, आणि ब्रिटन हरलं. त्याच निकालात असंही म्हटलंय की श्वास, रक्त, लघवी यांचे नमुने या अधिकारात येत नाहीत, कारण ते माणसाच्या इच्छेवर अवलंबून नसतात, म्हणून ब्रेथ टेस्टला 'मला गप्प राहायचंय' म्हणून नाही म्हणता येत नाही.

साँडर्सनंतर आमच्या धंद्यातल्या सगळ्यांना वाटलं की कलम १७२ आता गेलंच. आणि सुरुवातीला तसं झालंही. स्कॉटलंडमधे डनफर्मलिनला एका बाईंवर दुकानातून जिनची बाटली चोरल्याचा संशय होता, पोलीस आले, त्यांना दारूचा वास आला, इथे कशा आलात विचारलं, गाडीने म्हणाल्या. मग कलम १७२ खाली विचारलं कोण चालवत होतं, त्या म्हणाल्या मीच. २००० च्या फेब्रुवारीत स्कॉटलंडच्या हायकोर्टाने ठरवलं की हे उत्तर खटल्यात वापरता येणार नाही. काही महिने देशभर गोंधळ. मग डिसेंबर २००० मधे लंडनच्या प्रिव्ही कौन्सिल या वरच्या कोर्टाने ते उलटवलं. तिथले न्यायाधीश लॉर्ड बिंगहम यांचं म्हणणं थोडक्यात असं की मौनाचा अधिकार मोठा आहे पण निरपेक्ष नाही, रस्त्यावर माणसं मरतात, तो धोका आवरायला विचारलेला हा एक साधा, मर्यादित प्रश्न प्रमाणाबाहेरचा नाही.

पण ते लंडनचं मत होतं, स्ट्रासबर्गचं बाकी होतं. मी तेव्हा नुकताच कामाला लागलो होतो आणि खरं सांगतो, मीही हा मुद्दा कोर्टात लढवलाय. माझा एक क्लायंट, फॉर्म न भरलेला, आणि आम्ही मॅजिस्ट्रेटना सांगितलं की स्ट्रासबर्गला हाच प्रश्न चालू आहे, तोवर थांबा. थांबले. वर्षभराच्या वर केस लटकली, तो माणूस दर महिन्याला मला फोन करायचा, आणि शेवटी काय झालं तर निकाल विरुद्ध लागला, दंड झाला, वर कोर्टाचा खर्च. मूळ गुन्हा ६० पौंडांत मिटला असता तेव्हा. त्या केसने मला जेवढं शिकवलं तेवढं पुस्तकांनी नाही.

तो निकाल म्हणजे ओहॅलोरन आणि फ्रान्सिस विरुद्ध युनायटेड किंगडम, ग्रँड चेंबर (स्ट्रासबर्ग कोर्टाचं मोठं पीठ), २९ जून २००७. तुमच्या मित्राने बहुतेक याच केसचं नाव कुठेतरी ऐकलंय, फक्त निकाल उलटा ऐकलाय. दोन माणसं होती. ओहॅलोरनची गाडी एम ११ मोटरवेवर तात्पुरत्या ४० च्या लिमिटमधे ६९ ला पकडली, त्याने फॉर्मवर मीच होतो असं लिहिलं आणि मग ते उत्तर वगळा म्हणून भांडला. फ्रान्सिसकडे १९३८ ची जुनी अल्विस गाडी, ३० मधे ४७, आणि त्याने उत्तर द्यायलाच नकार दिला. म्हणजे एक बोलला, एक गप्प बसला, दोघांनाही शिक्षा. दोघंही हरले, १५ विरुद्ध २.

कोर्टाने तीन गोष्टी बघितल्या, आणि तुम्ही त्याच बघा, कारण तुमचं उत्तर त्यात आहे. सक्ती कशी आणि किती आहे, त्यात बचावाची सोय आहे का, आणि मिळालेल्या माहितीचं पुढे काय करतात. सक्ती आहेच, कोर्टाने ते नाकारलं नाही. पण म्हणाले, गाडी ठेवणारा आणि चालवणारा माणूस ठरवून एका नियमांच्या चौकटीत येतो, कारण गाडीने दुसऱ्याला गंभीर इजा होऊ शकते हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि त्या चौकटीत अशी माहिती द्यायची जबाबदारी ओघानेच येते. दुसरं, विचारलेला प्रश्न एकच: कोण चालवत होतं. स्पीड किती होता, फोनवर होतात का, दारू प्यायली होती का, यातलं काही सक्तीने विचारत नाहीत. तिसरं, ज्याला खरंच माहीत नव्हतं आणि वाजवी प्रयत्न करूनही कळू शकलं नसतं, त्याला कायद्यातच बचाव आहे. आणि उत्तर दिलं म्हणजे शिक्षा झालीच असं नाही, स्पीड बाकी सरकारी पक्षानेच सिद्ध करायचा.

मला हा निकाल शंभर टक्के पटतो का? नाही. 'गाडी ठेवलीस म्हणजे मान्य केलंस' हा युक्तिवाद मला जरा सोयीस्कर वाटतो, कारण गावाकडे राहणाऱ्या माणसाला गाडीशिवाय पर्याय काय असतो. दोन न्यायाधीशांनी विरुद्ध मत लिहिलंच होतं. पण पटणं वेगळं आणि तुमच्या लायसन्सवर तो जुगार लावणं वेगळं. आणि दुसरी बाजूही मानवी हक्कांचीच आहे हे विसरू नका. कन्व्हेन्शनच्या कलम २ खाली, म्हणजे जगण्याच्या हक्काखाली, रस्ते सुरक्षित राहतील अशी नियमांची व्यवस्था ठेवणं हे सरकारचं कर्तव्य धरलं जातं, २०१९ च्या तनासे विरुद्ध रोमानिया या अपघाताच्या केसमधे ग्रँड चेंबरने ते पुन्हा सांगितलं. जो पोरगा झेब्रावरून शाळेत जातो त्यालाही हक्क आहेत. माझ्याकडे आरोपी येतात तसे कधीकधी अपघातात गेलेल्यांचे नातेवाईकही येतात, त्यांच्यापुढे 'ड्रायव्हरचं मौन' हा शब्द उच्चारायला जड जातो.

मग अधिकार उरला तरी किती? उरलाय. २०१० ची ऑस्ट्रियाची क्रुंपहोल्झ केस बघा. तिथे मालकाने ड्रायव्हर सांगितला नाही, आणि अधिकाऱ्यांनी माहिती न दिल्याची शिक्षा देण्यावर न थांबता त्याच्या गप्प राहण्यावरून 'म्हणजे तूच होतास' असं काढलं आणि थेट स्पीडिंगची शिक्षा दिली, धड सुनावणीही न घेता. तिथे स्ट्रासबर्ग म्हणालं, नाही, हे कलम ६ चं उल्लंघन आहे. म्हणजे गप्प राहिल्याचा दंड चालतो, पण दुसरा काही पुरावा नसताना गप्प राहण्यालाच कबुली समजणं चालत नाही. म्हणूनच इथेही उत्तर न देणाऱ्याला स्पीडिंगची शिक्षा सहसा होत नाही, फक्त त्याच्याहून मोठी शिक्षा होते. फ्रान्सिस नेमका त्या जागी उभा होता.

फॉर्मच्या बाबतीतल्या बाकी युक्त्यांबद्दल दोन वाक्यं, कारण त्या कोणीतरी सांगेलच. सही न करता पाठवायचा, सहीशेजारी 'दबावाखाली' लिहायचं, आधी पोलिसांनी मला सावधगिरीची ताकीद द्यायला हवी होती असं पत्र लिहायचं. सही न करण्याच्या युक्तीत काही काळ जीव होता, २००४ मधे हायकोर्टाने ते दारही लावून घेतलं. सहीशिवायचा फॉर्म म्हणजे न दिलेलं उत्तर, सहा पॉइंट्स. यावर आणखी वेळ घालवण्यात अर्थ नाही.

आता मेहुणा.

तो खरंच चालवत होता असं तुमची नीट खात्री झाली, तर त्याचं नाव आणि भारतातला पूर्ण पत्ता द्यायचा, त्यात लपवायचं काही नाही. पण 'तो परत गेलाय म्हणून त्याचं नाव' ही कल्पना पोलिसांना नवीन नाही. परदेशातला ड्रायव्हर सांगितला की ते जरा जास्तच खोलात जातात, त्या दिवशी तो देशात होता का, गाडीचा इन्शुरन्स त्याच्या नावे होता का. ऑस्ट्रियाच्या २००४ च्या वेह केसमधला माणूस नेमकं हेच करायला गेला होता, म्हणाला गाडी टेक्सासमधल्या अमक्याकडे होती, पत्ता असा की सापडणारच नाही. त्याला चुकीच्या माहितीचा दंड झाला आणि स्ट्रासबर्गलाही तो हरला, ४ विरुद्ध ३ का होईना. इंग्लंडमधे तर हे त्याहून वाईट: जाणूनबुजून खोटं नाव देणं म्हणजे न्यायप्रक्रियेत अडथळा आणण्याचा गुन्हा, आणि त्याला दंड नाही, बहुतेक वेळा तुरुंगच. क्रिस ह्यून कॅबिनेट मंत्री होते. २००३ मधल्या, त्याच एम ११ वरच्या, स्पीडिंगचे पॉइंट्स बायकोच्या नावावर घेतले होते, २०११ मधे ते बाहेर आलं, मार्च २०१३ मधे दोघांनाही आठ-आठ महिने. फिओना ओनासान्या खासदार होत्या, ३० मधे ४१, ड्रायव्हर कोण यावर खोटं बोलल्या, जानेवारी २०१९ मधे तीन महिने तुरुंग आणि नंतर खासदारकीही गेली. तुमचा स्पीड त्यांच्यापेक्षा २ ने कमी आहे. तीन पॉइंट्ससाठी.

यात अजून एक खड्डा आहे, जो त्या सल्लागाराला दिसलेला नाही. मेहुणा तुमच्या पॉलिसीवर होता का? पाहुणा म्हणून भारतीय लायसन्सवर तो इथे १२ महिने गाडी चालवू शकतो, लायसन्सचा प्रश्न नाही. पण इन्शुरन्स नसेल तर त्याने विनाविमा चालवली आणि तुम्ही चालवू दिली. चालवू देणाऱ्यालाही ६ ते ८ पॉइंट्स आहेत, आणि 'मला वाटलं पॉलिसीत सगळे येतात' हा बचाव चालत नाही. म्हणजे मेहुण्याचं खोटं नाव टाकून तीन पॉइंट्स वाचवायला जाल आणि स्वतःच्याच लायसन्सवर सहा ओढवून घ्याल. आणि नाव खरं असलं तरी हा धोका आहेच, तो मी गोड करून सांगत नाही. अशा वेळी नाव खरंच द्यायचं, पण फॉर्म पाठवायच्या आधी कोणातरी सॉलिसिटरला अर्धा तास दाखवायचा. वर म्हटलं ना की प्रश्न एकच आहे, त्या मर्यादेचा उपयोग इथे होतो: सक्ती ड्रायव्हरच्या ओळखीपुरती आहे, न विचारलेल्या गोष्टींचं पानभर स्पष्टीकरण आपणहून जोडायची सक्ती नाही. भोळेपणाने पत्रात सगळी कहाणी लिहून पाठवणारे क्लायंट मी भरपूर पाहिलेत, आणि आमचं निम्मं काम त्या पत्रातून त्यांना बाहेर काढण्यात जातं.

बायको चालवत असेल तर बायकोचं नाव द्यायचं. नवरा-बायकोला यात काही सूट नाही. तिला मग तिच्या नावाने वेगळा फॉर्म येईल आणि तिचं सगळं ठीक असेल तर कोर्सची ऑफरही तिलाच येईल.

आणि खरंच आठवत नसेल तर? हा बचाव आहे, पण लोकांना वाटतो तितका स्वस्त नाही. 'आम्हा तिघांपैकी कोणीतरी' एवढं लिहून चालत नाही, तुम्ही काय काय शोधलंत ते मॅजिस्ट्रेटना पटवायची जबाबदारी तुमच्यावर आहे. नोटिशीवर वेळ मिनिटापर्यंत असते. त्या शनिवारचे फोनमधले फोटो काढा, कोण मागच्या सीटवरून फोटो काढत होतं ते बघा, पेट्रोलचं आणि पार्किंगचं पेमेंट कोणाच्या कार्डवर झालं, फोनच्या मॅपची हिस्टरी, डॅशकॅम असेल तर तो, तिघांचे व्हॉट्सॲप मेसेज (गाडी चालवणारा माणूस सहसा त्या मिनिटाला मेसेज टाकत नाही, निदान टाकू नये). पोलिसांना ड्रायव्हर ओळखायला मदत म्हणून फोटो मागा, बरेचदा देतात किंवा वेबसाइटवर दाखवतात, पण फोटोची वाट बघताना २८ दिवस थांबत नाहीत. जे जे केलंत त्याची तारखेसकट नोंद ठेवा. एवढं करून नाही सापडलं तर तिघांची नावं-पत्ते आणि केलेले प्रयत्न असं सगळं सहीनिशी त्याच मुदतीत कळवायचं. त्यातूनही केस होऊ शकते, पण मग हातात काहीतरी असतं. माझा अनुभव असा की मनापासून शोधलं तर दहातले आठ-नऊ वेळा उत्तर सापडतंच, आणि बहुतेक वेळा ते उत्तर 'मीच होतो' असं असतं.

तुम्हीच होतात असं निघालं तर घाबरू नका. 'मी चालवत होतो' म्हणजे 'मी गुन्हा कबूल करतो' असं नव्हे. सही केलेला फॉर्म फक्त ड्रायव्हरचा पुरावा होतो. त्यानंतर लिमिटचा बोर्ड झाकलेला होता, कॅमेऱ्याबद्दल शंका आहे, नोटीस उशिरा आली, हे सगळं लढवायला मोकळे आहात. पण खरंच ३९ ला होतात आणि कोर्सची ऑफर आली, तर कोर्स करा, एक सकाळ किंवा दुपार जाते, पैसे साधारण दंडाइतकेच, आणि पॉइंट शून्य. ऑफर देणं पोलिसांच्या मर्जीवर आहे, तो तुमचा हक्क नाही, त्यामुळे फॉर्मबरोबर भांडणाचं पत्र जोडू नका.

आता आधी नोटिशीवरची तारीख बघा आणि त्यापासून २८ दिवस कॅलेंडरवर मांडा, तीन दिवस मागे आणून. गाडीच्या लॉगबुकवर (नोंदणीच्या कागदावर) कुठला पत्ता आहे तेही तपासा, घर बदललं असेल आणि पत्ता जुना असेल तर पुढचं पाकीट तुम्हाला मिळणारच नाही, आणि 'मिळालंच नाही' हे कोर्टात सिद्ध करणं फार कटकटीचं असतं. फॉर्मचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा, पोस्टाने पाठवला तर पावती घ्या, ऑनलाइन भरला तर कन्फर्मेशनचा स्क्रीनशॉट. आणि मेहुण्याला फोन करा, पण त्याला 'तू होतास ना?' असं विचारू नका. त्या वेळी गाडी कोण चालवत होतं असं मोकळं विचारा, आणि तो जे म्हणेल ते त्याच्याच शब्दांत मेसेजवर लिहून घ्या. तिघांची उत्तरं जुळली नाहीत तर इथे परत लिहा, तारखा टाका, नावं टाकू नका.